छायाचित्रस्पर्धांचे नियम : माप आणि वचन

हल्लीं छायाचित्रांच्या स्पर्धा इतक्या झाल्या आहेत कीं, ज्या घरांत एक बरासा फोन आहे त्या घरांत एकहि स्पर्धक नाहीं असें क्वचितच आढळेल. पूर्वीं स्पर्धेला चित्र पाठवावयाचें म्हणजे अंधाऱ्या खोलींत कागद धुवावयाचा, तो पुठ्ठ्यावर चिकटवावयाचा, पुडकें बांधून टपालांत टाकावयाचें आणि महिना-दोन महिने वाट पाहावयाची, असा सारा खटाटोप असे. आतां बोटाच्या एका स्पर्शानें चित्र लंडनला किंवा ॲम्स्टरडॅमला पोंचतें. चित्र पाठविणें सोपें झालें. पण त्याबरोबर मान्य करावयाची नियमावली मात्र वाढत वाढत पानेंच्या पानें होऊन बसली आहे. पुष्कळ स्पर्धक ती न वाचतांच तिच्याखालीं ‘मान्य’ अशी खूण करून मोकळे होतात. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नाहीं. छायाचित्र म्हणजे काय आणि काय नव्हे, ह्या प्रश्नाचा आजच्या काळांत जर कोठें रोजच्या रोज निकाल लागत असेल, तर तो कलाशास्त्रावरील ग्रंथांत नव्हे, ह्या नियमावल्यांत लागतो. म्हणून एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावें तसेंच त्यांचेंहि परीक्षण केलें पाहिजे.

ह्या नियमांचे ढोबळमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मापाचा : चित्र इतक्या पिक्सेलांहून रुंद नसावें, इतक्यांहून उंच नसावें, फाइलीचें वजन इतक्या किलोबाइटांच्या आंत असावें, वगैरे. दुसरा वर्ग संस्कारांचा : चित्र टिपल्यानंतर संगणकावर त्यांत काय करावें व काय करूं नये, रंग किती बदलावा, काय पुसावें, काय जोडावें, वगैरे. सामान्य समजूत अशी आहे कीं, पहिला वर्ग केवळ कारकुनी सोयीचा असून त्यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. आणि दुसरा वर्ग नीतीचा असून सत्यासत्याचा खरा निवाडा त्यांतच होतो. आमचें म्हणणें थोडेंसें उलट आहे. मापाचे नियम दिसतात तितके निरुपद्रवी नाहींत. ते परीक्षकाच्या आधींच परीक्षा करून मोकळे होतात. आणि संस्कारांचे नियम दिसतात तितके सत्यनिष्ठ नाहींत. ते बहुधा हत्यारें मोजतात, चित्रानें पाहणाराला दिलेलें वचन मोजीत नाहींत. ही गोष्ट उदाहरणांनीं स्पष्ट करूं.

प्रथम माप घेऊं. छायाचित्रमंडळांच्या पुष्कळ स्पर्धांत चित्रें पडद्यावर दाखवून परीक्षिलीं जातात, आणि म्हणून पडद्यावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राच्या चौकटीचें जें माप तेंच चित्राचें कमाल माप ठरविलें जातें. १९२० पिक्सेल रुंद व १०८० पिक्सेल उंच हें अशा मापांपैकीं एक नेहमींचें माप होय. नियम सर्वांना सारखा आहे, मग तक्रार कसली, असें कोणी विचारील. पण थोडें अंकगणित करून पाहावें. नेहमींच्या कॅमेऱ्याच्या चित्राच्या बाजू तीनास दोन ह्या प्रमाणांत असतात. कॅमेरा आडवा धरून काढलेलें चित्र ह्या चौकटींत १६२० बाय १०८० असें बसतें. म्हणजे त्याच्या वांट्याला १७,४९,६०० पिक्सेल येतात. तोच कॅमेरा उभा धरून काढलेलें चित्र त्याच चौकटींत ७२० बाय १०८० एवढेंच बसतें; त्याच्या वांट्याला ७,७७,६०० पिक्सेल येतात. म्हणजे आडव्या चित्राला जेथें नऊ भाग जागा मिळाली तेथें उभ्याला चारच भाग मिळाली.

आतां उभें चित्र कशाचें असतें? देवळाच्या शिखराचें, दीपमाळेचें, ताडाच्या झाडाचें, डोक्यावर घागर घेऊन चढणीची वाट चढणाऱ्या बाईचें. परीक्षक कितीहि निःपक्षपाती असला, तरी मोठें चित्र आणि त्याच्या निम्म्याहून लहान चित्र एकापाठोपाठ एक डोळ्यांपुढें आलीं असतां मोठ्याचा ठसा मनावर अधिक उमटावा, हा मनुष्यस्वभावच आहे. चतुर स्पर्धक ही गोष्ट लवकरच ओळखतो आणि विषय उभा असला तरी कॅमेरा आडवा धरूं लागतो. म्हणजे चित्र टिपण्यापूर्वींच नियमानें चित्रावर संस्कार केला! टिपल्यानंतर स्पर्धकानें आकाशांतला एक पक्षी पुसला तर तो बाद; आणि टिपण्यापूर्वीं नियमानें शिखराचा अर्धा डौल पुसला तर त्याची कोठेंच नोंद नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. आजच्या साध्यासुध्या कॅमेऱ्याचें चित्र ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलांचें असतें. तें वरील चौकटींत बसविलें कीं, चौदा भागांतला जेमतेम एक भाग उरतो. त्यावर आणखी किलोबाइटांची मर्यादा येते, आणि ती पाळण्यासाठीं चित्र जेपेग पद्धतीनें दाबावें लागतें. ही पद्धति १९९२ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तींत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनांतला बारीक तपशील प्रथम टाकून देतात. परिणाम असा होतो कीं, ज्या चित्रांत तपशील थोडा, उदाहरणार्थ धुक्यांतली एकटी होडी, तें चित्र दाबलें तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. पण ज्यांत तपशील उदंड, उदाहरणार्थ यात्रेंतली गर्दी किंवा पावसाळ्यांतलें रान, तें मात्र तेवढ्याच किलोबाइटांत कोंबलें असतां चिखलासारखें दिसूं लागतें. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण तें शीत अखंड तरी असावें लागतें. रगडून पीठ केलेल्या शितावरून कोणी काय परीक्षा करावी? स्पर्धांतून धुकें, एकटी झाडें आणि रिकाम्या समुद्रकिनाऱ्यांचा जो सुकाळ दिसतो, त्याचें सगळें श्रेय कवित्वाला देण्यापूर्वीं त्यांतलें थोडें किलोबाइटांनाहि द्यावें, असें आम्हांस वाटतें.

लहान मापाला चांगलीं कारणें नाहींत असें मात्र नव्हे. मोठी फाइल चोरून छापणारे लोक असतात. लहान फाइल पाठविल्यानें स्पर्धकाचें संरक्षण होतें. हजारों चित्रें सांठविणें हेंहि आयोजकांना खर्चाचें काम असतें. आमचा आक्षेप मर्यादा असण्याला नाहीं. ती विचार न करतां घालण्याला आहे. ह्या अविचाराचा उत्तम मासला म्हणजे ‘चित्र ३०० डीपीआयचें असावें’ हा नियम. डीपीआय म्हणजे कागदावरच्या एका इंचांत किती ठिपके पडावे ह्याचा आंकडा. ६००० पिक्सेल रुंद चित्र ह्या हिशेबानें छापलें तर २० इंच रुंद होईल, आणि ६०० पिक्सेल रुंद चित्र छापलें तर २ इंच. दोन्ही ‘३०० डीपीआय’च! जें चित्र छापावयाचेंच नाहीं, केवळ पडद्यावर पाहावयाचें आहे, त्याच्या बाबतींत तर हा आंकडा म्हणजे न शिवावयाच्या अंगरख्याचें माप. तरीहि पडद्यावरच्याच स्पर्धांतून तो मागितला जातो, आणि बिचारा नवशिका तो कसा साधावा ह्या विवंचनेंत रात्र काढतो.

किमान मापाचा नियमहि असाच जपून वापरावा लागतो. चित्र अमुक पिक्सेलांहून लहान नसावें असें म्हटलें कीं, ज्याचें चित्र लहान असेल तो तें फुगविणार. पूर्वीं फुगविलेलें चित्र केवळ धूसर होई. त्यांत खोटें कांहीं शिरत नसे. आतां कृत्रिम बुद्धीचीं जीं साधनें निघालीं आहेत तीं चित्र मोठें करतांना नसलेला तपशील स्वतः कल्पून भरतात : डोळ्याच्या पापण्या, विटांच्या सांधी, पिसांच्या रेषा. वर्ल्ड प्रेस फोटो ह्या प्रख्यात वार्ताचित्रस्पर्धेनें अशा साधनांना मनाई केली आहे, ती ह्याच कारणास्तव. मापाची गोष्ट कोणत्या क्षणीं सत्याची गोष्ट होऊन बसते, हें येथें स्पष्ट दिसतें. किंबहुना हें नवें नाहींच. १९८२ च्या फेब्रुवारींत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें गिझाच्या पिरामिडांचें आडवें चित्र आपल्या उभ्या मुखपृष्ठावर बसविण्यासाठीं संगणकाच्या साह्यानें दोन पिरामिड जवळ सरकविले, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. तेथें कोणाला खोटें बोलावयाचें नव्हतें. केवळ चौकट भरावयाची होती. हजारों वर्षें जागचे न हललेले पिरामिड एका मुखपृष्ठाच्या मापानें हलले!

आतां दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे संस्कारांच्या नियमांकडे वळूं. पूर्वींचीं छायाचित्रें खरीं असत आणि संगणकानें सारी लबाडी आणली, असा एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाहीं. छायाचित्रण १८३९ सालीं जगापुढें आलें. लगेच दुसऱ्या वर्षीं हिप्पोलीत बायार ह्या फ्रेंच गृहस्थानें आपल्यावर झालेल्या अन्यायाचा निषेध म्हणून बुडून मेलेल्या माणसाचें सोंग घेऊन स्वतःचें छायाचित्र काढलें. गुस्ताव्ह ल ग्रे हा १८५० नंतरच्या दशकांत समुद्राचीं चित्रें काढी, तेव्हां त्या काळच्या काचांवर आकाश व पाणी एकाच वेळीं नीट उमटत नसल्यामुळें तो दोहोंसाठीं दोन निगेटिव्ह वापरून त्या एका कागदावर छापीत असे. ऑस्कर रेजलँडरनें १८५७ सालीं तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य नीतिपर चित्र तयार केलें, आणि त्याची एक प्रत खुद्द व्हिक्टोरिया राणीनें घेतली. पुढच्याच वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सननें पांच निगेटिव्ह जोडून मरणोन्मुख मुलीचें दृश्य रचलें. तें पाहून, इतका खाजगी शोक चव्हाट्यावर मांडावा काय, असें लोक म्हणूं लागले. चित्र जोडलेलें होतें, मुलगी सोंग घेऊन पडली होती. तरी लोकांना दुखलें तें खरोखरीचें दुखलें.

आपल्याकडेहि हा विषय परका नाहीं. लंडनच्या छायाचित्रमंडळाच्या मागोमाग एका वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रमंडळ स्थापन झालें, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्याच्या कामांत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होते. पुढें गांवोगांव जे स्टुडिओ निघाले, त्यांत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण नाहींसे करणें हा धंद्याचा नित्याचा भाग होता. आजोबांच्या भिंतीवरच्या तसबिरींत व्रण नाहींत म्हणून कोणी त्या छायाचित्रकाराला लबाड म्हटलें नाहीं. कां म्हटलें नाहीं? कारण त्या तसबिरीनें व्रणांविषयीं कांहीं सांगण्याचें वचनच दिलें नव्हतें. ‘हे आमचे आजोबा, आणि ते असे रुबाबदार दिसत’ एवढेंच तिचें वचन होतें, आणि तें तिनें पाळलें. तीच पेन्सिल एखाद्या वैद्यकीय पुस्तकांतल्या चित्रावर, औषधाचा गुण दाखविण्यासाठीं, फिरविली असती तर ती शुद्ध फसवणूक झाली असती. हत्यार तेंच, हात तोच, व्रण तेच, फरक वचनाचा.

ही कसोटी हातांत घेऊन आजचे कांहीं गाजलेले निवाडे पाहूं. २०१० सालीं वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेंत युक्रेनचे छायाचित्रकार स्टेपान रुडिक ह्यांच्या रस्त्यावरील मारामारीच्या चित्रमालिकेला मिळालेलें पारितोषिक काढून घेण्यांत आलें. त्यांनीं मूळ रंगीत चित्राची चोहोंकडून मोठी काटछांट केली होती, तें कृष्णधवल केलें होतें, कडा काळवंडल्या होत्या. ह्यांपैकीं कशालाहि हरकत घेतली गेली नाहीं. हरकत घेतली ती एवढ्याचसाठीं कीं, पट्टी गुंडाळलेल्या हाताच्या मागें दुसऱ्या कोणाच्या तरी पायाचा जो लहानसा भाग दिसत होता तो त्यांनीं पुसला. चित्राचा मोठा भाग कापून फेकला तर चालतें आणि बोटभर पाय पुसला तर चालत नाहीं, हा न्याय पुष्कळांना हास्यास्पद वाटला. आम्हांस तो हास्यास्पद वाटत नाहीं. त्याचें कारण नियमावलीनें नीट सांगितलेलें नाहीं, एवढेंच वाटतें. प्रत्येक चौकट कोठें तरी संपते, आणि तिच्या पलीकडे जग आहे, हें प्रत्येक पाहणाराला ठाऊक असतें. पलीकडे काय आहे ह्याविषयीं वार्ताचित्र कसलेंहि वचन देत नाहीं. पण चौकटीच्या आंत जें होतें तें सगळें येथें आहे, असें वचन तें निश्चित देतें. कड छाटणें म्हणजे बोलणें आंखडतें घेणें. आंतलें पुसणें म्हणजे साक्ष फिरविणें. पाय लहान होता हा बचाव होऊं शकत नाहीं, कारण एकदां लहान पाय चालतो असें ठरलें म्हणजे किती लहान, हें ठरविण्याचा अधिकार पुसणाराच्याच हातीं जातो.

ह्याच्या उलट प्रकार २०१३ सालीं घडला. पॉल हॅन्सन ह्या स्वीडिश छायाचित्रकाराच्या चित्राला त्या स्पर्धेचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. गाझा शहरांतील अरुंद गल्लींतून दोन मृत बालकांना हातांवर घेऊन चाललेली शोकाकुल माणसें, असें तें चित्र होतें. २० नोव्हेंबर २०१२ चें. गल्लींतला उजेड फारच नाट्यमय दिसत होता, त्यावरून मे महिन्यांत हें चित्र अनेक चित्रें जोडून बनविलेलें आहे असा आरोप झाला. आयोजकांनीं मूळ फाइल तज्ज्ञांकडे दिली. उजेड आणि रंग ह्यांत फेरफार केलेला आहे, पण चित्र जोडलेलें नाहीं, असा तज्ज्ञांचा निर्णय झाला आणि पारितोषिक कायम राहिलें. निर्णय बरोबरच होता. पण मधल्या काळांत काय झालें ह्याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होतें. दोन लेंकरें मेलीं होतीं. आणि जगांतले शहाणे लोक भिंतीवरचा उजेड खरा कीं खोटा ह्याची चर्चा करीत होते. चित्रांतला उजेड थोडा कमी खुलविला असता, तर त्या माणसांचा शोक संशयाच्या पिंजऱ्यांत उभा राहिला नसता. वार्ताचित्रावर केलेला प्रत्येक अनावश्यक अलंकार हा असा दुसऱ्याच्या दुःखाच्या खात्यावर काढलेला कर्जरोखा असतो. २०१५ सालीं त्याच स्पर्धेंत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोंचलेल्यांपैकीं सुमारें २० टक्के प्रवेश मूळ फाइली तपासल्यावर बाद करावे लागले, हें ऐकलें म्हणजे हें कर्ज किती वाढलें आहे तें कळतें.

पण मूळ फाइल तपासली कीं सत्य हातीं लागलें, असें समजणें हीहि चूकच. २००९ सालीं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव-छायाचित्रस्पर्धेंत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिला मान मिळाला. २०१० च्या जानेवारींत परीक्षकांनीं तो लांडगा बहुधा माणसाळलेला व पढविलेला असावा असा निष्कर्ष काढून तो मान परत घेतला. २०१७ सालीं त्याच स्पर्धेंत ब्राझीलमधील रात्रीच्या वेळचें, वारुळाकडे येणाऱ्या मुंगीखाऊ प्राण्याचें एक विलक्षण सुंदर चित्र गौरविलें गेलें. २०१८ च्या एप्रिलांत, तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निर्णय झाल्यामुळें तेंहि बाद झालें. दोघांहि छायाचित्रकारांनीं आरोप नाकारले, हें सांगितलें पाहिजे. परंतु परीक्षकांचा निर्णय धरून चाललें तर ह्या दोन्ही चित्रांत आक्षेप होता तो पिक्सेलांना नव्हे, कॅमेऱ्यापुढें उभ्या केलेल्या देखाव्याला. २०१५ सालीं वर्ल्ड प्रेस फोटोनें बेल्जमच्या शार्लरुआ शहराविषयींच्या एका चित्रमालिकेचें पारितोषिक परत घेतलें, कारण त्यांतलें एक चित्र त्या शहरांतलें नसून ब्रसेल्समधलें निघालें. तेथें तर चित्र अगदीं खरें, खोटी होती ती त्याखालची ओळ! जी नियमावली केवळ संगणकावरचीं हत्यारें मोजते तिच्या जाळ्यांतून अशीं चित्रें निसटतात; आणि ज्या हौशी माणसानें अजाणतेपणीं आकाशांतली एक विजेची तार पुसली तो मात्र सांपडतो. चोर सोडून संन्याशाला फांशी, ती हीच.

कृत्रिम बुद्धीनें रचलेल्या चित्रांनीं ह्या प्रश्नाला आणखी धार आणली आहे. २०२३ च्या एप्रिलांत बोरिस एल्डागसेन ह्या जर्मन कलावंतानें सोनी वर्ल्ड फोटोग्राफी स्पर्धेंत मिळालेलें पारितोषिक नाकारलें आणि आपलें चित्र कॅमेऱ्यानें टिपलेलें नसून यंत्राकडून रचून घेतलेलें आहे असें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं ह्याची उलट बाजू पाहावयास मिळाली. माइल्स ॲस्ट्रे ह्या छायाचित्रकारानें चोंच पोटाशीं खुपसल्यामुळें बिनडोक्याचा दिसणाऱ्या एका रोहित पक्ष्याचें अस्सल छायाचित्र दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धीच्या विभागांत पाठविलें. तेथें त्याला पारितोषिकहि मिळालें, लोकांचा कौलहि मिळाला, आणि त्यानें खरें सांगितल्यावर चित्र बाद झालें. खरें असल्याबद्दल बाद! हा विनोद नव्हे. हा नियमाचा योग्यच अर्थ आहे. त्या विभागाचें वचन ‘हें यंत्रानें रचलेलें आहे’ असें होतें, आणि अस्सल चित्रानें तें मोडलें. दोन्ही उदाहरणांत परीक्षकांचे डोळे फसले. ह्यावरून एकच गोष्ट सिद्ध होते : सत्य आतां चित्राच्या पृष्ठभागावर दिसत नाहीं; तें चित्र देणाराच्या शब्दांत आणि त्या शब्दाच्या पडताळ्यांत राहतें.

शिवाय ‘मूळ’ ह्या शब्दाचाहि अर्थ आतां पातळ झाला आहे. खिशांतला फोन एकदां बटण दाबलें कीं पुष्कळदां एकापाठोपाठ अनेक चित्रें टिपतो, त्यांतला बरा भाग निवडतो, काळोख उजळतो, आणि सगळें एकत्र सांधून एकच चित्र आपल्या हातीं ठेवतो. रेजलँडरला ज्या कामासाठीं आठवडे लागले तें काम फोन डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत करतो, आणि तें केल्याचें सांगतहि नाहीं. अशा वेळीं ‘अनेक चित्रें जोडण्यास मनाई आहे’ हा नियम अक्षरशः लावला, तर पुष्कळ घरांतले बाळाच्या बारशाचे फोटोहि अपात्र ठरतील.

मग नियम कसे असावे? आमच्या मतें प्रत्येक विभागाच्या नियमावलीचें पहिलें वाक्य त्या विभागाचें वचन सांगणारें असावें, आणि हत्यारांची यादी त्या वाक्याचें भाष्य म्हणून मागून यावी. निसर्गचित्रांच्या बाबतींत हें थोडेंबहुत झालेंहि आहे. अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी, आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाप’ व इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ह्या तीन संस्थांनीं निसर्गचित्राची एक समान व्याख्या ठरविली, ती २०१५ च्या आरंभापासून लागू झाली. तिच्याप्रमाणें छाटणीखेरीज इतर रीतीनें चित्रांतली वस्तु काढणें, घालणें, हलविणें वर्ज्य होतें; पण निसर्गाची कथा न बदलतां मांडणी सुधारणारे संस्कार चालत, आणि शास्त्रज्ञांनीं प्राण्याला लावलेला पट्टा किंवा खूण चित्रांत दिसली तरी चाले. ‘कथा न बदलतां’ हे शब्द मोलाचे आहेत. त्यांत वचनाची कल्पना बीजरूपानें आलेली आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, वचन ही गोष्ट मोघम. पिक्सेल मोजतां येतात, वचन कसें मोजणार? परीक्षकांच्या लहरीला मोकळें रान मिळेल. आक्षेप वजनदार आहे, आणि केवळ सद्भावनेनें त्याचें निरसन होणार नाहीं. त्याला उत्तर पद्धतीनें दिलें पाहिजे. अंतिम फेरींत आलेल्या स्पर्धकाकडून कॅमेऱ्यांतली मूळ फाइल घ्यावीच. पण तिच्याबरोबर आधींचीं व नंतरचीं दोन-चार चित्रेंहि मागावीं, म्हणजे लांडगा कोठून आला हें कळण्याचा थोडा तरी संभव राहील. चित्राखालची ओळ ही चित्राचाच भाग मानावी. आणि चित्र बाद केलें तर कोणतें वचन मोडलें हें कारणासह प्रसिद्ध करावें. मात्र अज्ञान आणि कपट ह्यांना एकाच फळ्यावर टांगूं नये. न्यायालयांतसुद्धां कायदा मोघम शब्दांत असतो. निकालपत्रांच्या परंपरेनें तो नेमका होत जातो. स्पर्धांनीं निकालपत्रें लिहिण्याची संवय लावून घेतली नाहीं, हेंच त्यांचें खरें वैगुण्य आहे.

मापाच्या बाबतींत तर उपाय अगदीं सोपा आहे. रुंदी व उंची ह्यांच्या वेगवेगळ्या मर्यादा न घालतां एकूण पिक्सेलांची एकच मर्यादा घालावी, किंवा मोठी बाजू अमुक इतकी, मग ती उभी असो वा आडवी, असें म्हणावें, आणि परीक्षकांनीं उभें चित्र उभ्या पडद्यावर पाहावें. म्हणजे शिखर आणि सरोवर ह्यांना सारखा न्याय मिळेल. किलोबाइटांची मर्यादा गर्दीचें चित्र पाहून ठरवावी, धुक्याचें पाहून नव्हे. डीपीआयचा आंकडा पडद्यावरच्या स्पर्धांतून सरळ काढून टाकावा. त्याच्यावांचून कोणाचें कांहीं अडणार नाहीं. आणि किमान माप मागतांना चित्र फुगविण्याच्या साधनांविषयीं एक स्पष्ट वाक्य घालावें.

ह्या सगळ्याला एवढें महत्त्व कशासाठीं द्यावें, असें कोणी म्हणेल. स्पर्धा म्हणजे चार घटकांची करमणूक. एखादें मानपत्र, एखादी ढाल. पण आपल्या घरांतलीं मुलें छायाचित्र म्हणजे काय हें आतां शाळेंत शिकत नाहींत, ह्या स्पर्धांतून शिकतात. मोठें आणि झगझगीत तेंच जिंकतें असें त्यांनीं पाहिलें तर तीं तसेंच काढूं लागतील; सांपडलें नाहीं म्हणजे खपलें असें त्यांनीं पाहिलें तर तेंहि शिकतील. आणि उद्यां गाझाच्या गल्लींतून किंवा आपल्याच एखाद्या पूरग्रस्त गांवांतून खरोखरीचें चित्र येईल, तेव्हां ‘हें बनविलेलें असेल’ असें म्हणून तीं पान उलटतील. चित्रांवरचा विश्वास हा असा लहान लहान स्पर्धांतून जमतो आणि लहान लहान स्पर्धांतूनच उडतो. तो जपण्याचें काम नियमावली लिहिणाराचें आहे, आणि ‘मान्य’ अशी खूण करण्यापूर्वीं ती वाचून पाहणाराचेंहि आहे.